विषय: अपडेटनंतर पॅटर्न बदलताना आवाज तुटतोय, जुनं फर्मवेअर परत द्या

नमस्कार,

मी पुण्याची, तुमच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या सिंथची (सिंथेसायझरची) ग्राहक. टेक्नो आणि हाऊस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत लाइव्ह वाजवते. म्हणजे तयार गाणी लावत नाही, किक, हॅट, बेसलाइन सगळं तिथल्या तिथे उभं करते, आणि हे सगळं तुमच्या त्या एका डब्यावर. अधिकृत डीलरकडून पक्कं बिल घेऊन घेतलंय, वॉरंटी अजून चालू आहे. बिल, सिरियल नंबर, सपोर्टबरोबर झालेले सगळे ईमेल आणि रेकॉर्डिंग सोबत जोडलंय. सपोर्टच्या फॉर्मवर दरवेळी नवीन माणूस येतो आणि मशीन बंद करून चालू केलंत का इथपासून सुरू करतो, म्हणून आता सरळ कंपनीच्या नावाने लिहितेय, आणि विनंती आहे की हे पत्र ज्या टीमने हे मशीन बनवलंय त्यांच्यापर्यंत जाऊ दे.

मुद्दा असा आहे. तुमचं शेवटचं मोठं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट टाकल्यापासून पॅटर्न, म्हणजे मशीनमध्ये बसवून ठेवलेला तालासुरांचा तुकडा, बदलताना आवाज तुटतो. दरवेळी नाही, पण ज्या पॅटर्नमध्ये सॅम्पल (आधी रेकॉर्ड केलेले आवाज) जास्त आहेत तिथे हमखास. चार बीटचा बार संपतो, पुढचा पॅटर्न सुरू व्हायचा, आणि पहिल्या किकच्या जागी काहीच येत नाही. मग एकदम मधूनच सगळं चालू होतं.

आधी मला वाटलं केबल असेल, मग वाटलं त्या जागेचा मिक्सर असेल. शेवटी घरी आउटपुट लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म मोठा करून बघितला. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) एक बीट ४६८.७५ मिलिसेकंदाचा, आणि बारच्या सोळा स्टेपमधली एक स्टेप साधारण ११७ मिलिसेकंदाची. वेव्हफॉर्ममध्ये पॅटर्नच्या जोडावर सपाट रेघ दिसते, कधी अर्ध्या स्टेपएवढी, कधी जवळजवळ पूर्ण स्टेपएवढी. त्या रेघेत रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपटीसुद्धा नाहीये, सगळंच कापलेलं. नुसत्या सिंथ ट्रॅकचे पॅटर्न घेतले तर रेघ नाही. सॅम्पलवाले घेतले की आलीच. माझ्या मित्राकडे हेच मॉडेल आहे आणि त्याने अपडेट टाकलेलं नाही, त्याच्या मशीनमध्ये माझंच मेमरी कार्ड घालून तेच पॅटर्न त्याच क्रमाने वाजवले तर एकदाही तुटलं नाही. म्हणजे कार्ड ठीक, पॅटर्न ठीक, फरक फक्त फर्मवेअरचा. माझा अंदाज असा की पूर्वी मशीन पुढच्या पॅटर्नची सॅम्पल आधीच उचलून ठेवायचं आणि आता बदलायच्या क्षणी उचलायला जातं, पण ते तुमच्या इंजिनियरनी बघायचं, मी फक्त जे ऐकू येतंय आणि जे दिसतंय ते सांगतेय.

आणि हे फक्त त्या एका मशीनपुरतं राहत नाही. मी त्याच्यावरून मिडी क्लॉकने एक ड्रम मशीन चालवते. मिडी क्लॉक म्हणजे दुसऱ्या मशीनला त्याच वेगात ठेवणारा सिग्नल, एका बीटला २४ टिक, १२८ च्या स्पीडला दर साडेएकोणीस मिलिसेकंदाला एक. तुमचं मशीन अडखळलं की टिक पण अडकतात आणि मग चार-पाच टिक एकदम धाडकन बाहेर पडतात, त्यामुळे ड्रम मशीन आधी थांबतं आणि मग पळतं. दोन्ही परत एकत्र आणायचे तर पुढच्या बारच्या तोंडाशी स्टॉप-स्टार्ट करायला लागतं, आणि तेवढा वेळ नाचणाऱ्या माणसांसमोर दोन किक एकमेकांच्या अंगावर पडत असतात.

तुमच्या सपोर्टने यावर काय लिहिलं ते सांगते. आधी फॅक्टरी रीसेट करा. केलं. मग दुसरं कार्ड घ्या. घेतलं, तुमच्या यादीतलंच. मग उत्तर आलं की जड प्रोजेक्टमध्ये असं होणं नॉर्मल आहे, आणि पॅटर्न कमी वेळा बदला. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हे लिहिणाऱ्याने कधी डान्स फ्लोअरसमोर उभं राहून वाजवलेलं नाही हे उघड आहे.

अहो, या संगीतात पॅटर्न बदलणं हीच तर कामाची गोष्ट आहे. १२८ ला सोळा बार म्हणजे बरोबर ३० सेकंद. दर सोळा नाहीतर बत्तीस बारला काहीतरी आत येतं किंवा बाहेर जातं, हॅट उघडतात, बेस जातो, फक्त पॅड आणि टाळी राहते, मग मी फिल्टर हळूहळू बंद करत आणते आणि रेझोनन्स वाढवते, लोकांना कळतं की आता काहीतरी येणार, सगळे त्या एका किकची वाट बघत असतात. आणि ती एकच किक तुमचं मशीन खातं. बरोबर तीच. लग्गी लावून ढोलकी समेवर यायच्या क्षणाला ढोलकीवाल्याने हात उचलावा तसं होतं. आमच्या पुण्यातलं पब्लिक ढोल-ताशा ऐकत मोठं झालंय, एक ठोका चुकला की पायाला कळतं, कोणी समजावून सांगायची गरज नसते.

गोव्यात वागातोरला एका ओपन एअर जागी मला नऊ ते दहाचा स्लॉट होता. दहा म्हणजे दहा, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे खास परवानगी नसेल तर उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, आयोजक पाच मिनिटं पण वाढवून देत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे. अपडेटनंतरचा तो माझा पहिलाच मोठा सेट. पहिल्या ब्रेकडाउननंतर (किक काढून घेतलेल्या भागानंतर) आवाज तुटला, ड्रम मशीन सुटलं, मी सांधून घेतलं. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा समोरची पुढची रांग थांबून माझ्याकडे बघायला लागली, साउंडवाले दादा हात वर करून विचारतायत काय झालं, त्यांना वाटलं त्यांची लाइन गेली. त्यानंतर मी घाबरून उरलेला सगळा वेळ दोन-तीन पॅटर्नवरच काढला, नुसतं म्यूट-अनम्यूट करत. जे महिनाभर बसवलं होतं त्यातलं अर्धं वाजवलंच नाही. आयोजकांनी पैसे दिले, पण पुढच्या वेळी बोलवायचं का हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच असणार, आणि त्यांना मी काय सांगू, की अपडेटमुळे झालं? लोकांना मशीन दिसत नाही, माझं नाव दिसतं.

मी सपोर्टला एवढंच म्हटलं की ठीक आहे, तुम्हाला दुरुस्तीला वेळ लागत असेल तर मला मागचं व्हर्जन परत टाकू द्या. उत्तर आलं की जुनी व्हर्जन आता साइटवर ठेवलेली नाहीत आणि मागे जाता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तक्रारीच्या तिकिटावर 'सोडवले' असं लिहून बंद करून टाकलं. काय सोडवलं?

माझी खरी तक्रार इथे आहे. बग सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्याबद्दल मी एवढं मोठं पत्र लिहिलं नसतं. पण हे वाद्य आहे. मी त्याच्यावर रोज हात बसवलाय, डोळे मिटून कुठला नॉब किती फिरवला की बेस कसा बोलतो हे माझ्या बोटांना माहिती आहे. मी पूर्ण पैसे देऊन घेतलेलं वाद्य तुम्ही दुरून बदललंत आणि पूर्वीसारखं करून द्यायला नकार देताय. अपडेटच्या माहितीत लिहिलं होतं नवीन इफेक्ट आलेत आणि मशीन जास्त स्थिर झालंय. लाइव्ह वाजवणाऱ्याला पॅटर्नच्या जोडावर अडचण येऊ शकते असा एक शब्द नव्हता.

हे संगीत ज्या मशीनवर उभं राहिलं ती बघा. रोलंडचं ८०८ ड्रम मशीन १९८० चं, त्यांचीच ३०३ बेसलाइन त्यानंतर एक-दोन वर्षांनी आली आणि काही वर्षांतच बंदही झाली कारण तेव्हा कोणाला तिचा उपयोग कळला नाही, मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड घेऊन नॉब पिळले आणि ॲसिड हाऊस जन्माला आलं. आपल्या मुंबईच्या चरणजित सिंगांनी तर त्याच्याही आधी, १९८२ ला, हीच दोन मशीन आणि सोबत एक ज्युपिटर-८ सिंथ घेऊन राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, जगाला ते कळायला जवळजवळ तीस वर्षं गेली. ती मशीन आजही लोक स्टेजवर वाजवतात, आणि घेतली त्या दिवशी जशी चालायची तशीच चालतात, कारण त्यांच्यात कोणी बाहेरून हात घालू शकत नाही. तुम्ही तुमच्या जाहिरातीत स्वतःला त्याच परंपरेतलं म्हणवता. मग निदान एवढं तरी पाळा की जे विकलं ते चालत राहील.

आता आउटपुटच्या जॅकचं. हेडफोनच्या मापाचा एकच ३.५ एमएमचा जॅक, त्यातून मी स्टीरिओ केबल काढून दोन मोठ्या जॅकने डीआय बॉक्समध्ये (वाद्याचा सिग्नल मिक्सरकडे नेणारा डबा) देते, सगळे तसंच करतात कारण दुसरा मार्गच तुम्ही ठेवलेला नाही. काही महिन्यांत उजव्या बाजूला खरखर सुरू झाली, केबल जरा हलली की आवाज जातो. सर्व्हिस सेंटरला पाठवलं तर त्यांनी 'फिजिकल डॅमेज' लिहून वॉरंटी नाकारली आणि अख्खा मेन बोर्ड बदलायला लागेल म्हणून मशीनच्या निम्म्या किमतीच्या आसपास खर्च सांगितला. त्यांनीच पाठवलेल्या फोटोत दिसतंय की जॅक नुसता बोर्डवर सोल्डर केलाय, पॅनलला नट लावून बसवलेला नाही. म्हणजे केबलचा प्रत्येक झटका थेट सोल्डरवर. मशीनच्या अंगावर एक ओरखडा नाही, पडलेलं नाही, पाणी गेलेलं नाही, पावसाळ्यात तर मी सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटीत ठेवते. स्टेजसाठी म्हणून विकलेल्या वस्तूत रोज केबल लावणं-काढणं हा वापर आहे, डॅमेज नाही. तो फोटो पण जोडलाय.

बॅटरीबद्दल थोडक्यात. इंडिकेटर बराच वेळ अर्ध्यावर दिसतो आणि मग एकदम लाल होतो, त्यामुळे सेटमध्ये भरवसा ठेवता येत नाही. चार्जिंगला लावून वाजवलं तर स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाबल्यावर कमी होतो पण पूर्ण जात नाही. हे पुढच्या मॉडेलमध्ये तरी सुधारा, या बाबतीत मी पैसे मागत नाहीये.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. पहिलं म्हणजे अपडेटच्या आधीचं फर्मवेअर आणि ते टाकायची पद्धत, मला आणि मागणाऱ्या प्रत्येकाला, लगेच. माझं रेकॉर्डिंग आणि प्रोजेक्ट फाइल इंजिनियरना द्या आणि दुरुस्ती कधी येणार ते तारखेसकट लिहून कळवा. जॅकची दुरुस्ती वॉरंटीत फुकट करून द्या. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर मशीन परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, बिलावरची रक्कम. शिवाय पॅटर्न न तुटता बदलतात असं जे तुम्ही खोक्यावर आणि जाहिरातीत लिहिलंय ते दुरुस्ती येईपर्यंत काढा, आत्ता या क्षणी कोणीतरी तेच वाचून पैसे साठवत असेल. मी स्वतः तसेच साठवले होते, लग्नाच्या ऑर्डरीत कीबोर्ड वाजवून.

या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि तिथे नाही झालं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू, सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या तिन्हीची तरतूद आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फीसुद्धा लागत नाही. ही धमकी म्हणून लिहीत नाहीये, मला कोर्टकचेरीची हौस नाही. मला मशीन वाजवायचंय. चालत होतं तेव्हा ते इतकं सुंदर होतं की मी ओळखीच्या कितीतरी जणांना घ्यायला लावलं, आणि आता त्यातले दोघं मला विचारतायत की अपडेट टाकू का. मी त्यांना नको म्हणून सांगितलंय आणि तुमचं उत्तर येईपर्यंत हेच सांगणार आहे.

डिसेंबरमध्ये माझे पुढचे सेट आहेत, त्यामुळे निदान जुन्या फर्मवेअरची फाइल तरी बाकी सगळ्याच्या आधी पाठवा.

तुमची ग्राहक,
पुणे

सोबत: बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, वेव्हफॉर्मचे स्क्रीनशॉट, दोन्ही मशीनचं रेकॉर्डिंग, सर्व्हिस सेंटरचा फोटो आणि अंदाजपत्रक, सपोर्टचे ईमेल