क्लस्टरमध्ये जागा होती, मग आमचे चारही सर्व्हर एकाच यंत्रावर का?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्लाउड सेवा विभाग

विषय: चवथीच्या तोंडावर बंद पडलेली सेवा

महोदय,

आम्ही म्हापशाहून मुंबई-गोवा बसगाड्यांच्या आरक्षणाचे संकेतस्थळ चालवतो. चवथीआधीचा आठवडा हा आमचा खरा हंगाम. त्यात ऐन संध्याकाळी गर्दी वाढली, तुमच्या क्लाउडवर जादा आभासी सर्व्हर (असे अनेक एकाच खऱ्या यंत्रावर चालू शकतात) आपोआप सुरूही झाले, तरी पान उघडेना. लोकांचे पैसे कापले गेले आणि आसन क्रमांक मिळाले नाहीत. घाटकोपरहून एक बाई फोनवर विचारत होत्या, "पैसे तर गेले, आता मुलांना घेऊन निघू की नको?" त्यांना काय सांगणार?

सर्व्हरवरचा भार दाखवणारी टॉप कमांड आम्ही लावून पाहिली. स्टील टाइम सत्तर टक्क्यांच्या वर! म्हणजे आमचे काम तयार असूनही प्रोसेसर दुसऱ्याला दिला जात होता. पुढे तुमच्याच अभियंत्याने ईमेलने कळवले, की आमचे नवे चारही सर्व्हर आधीच भरत आलेल्या एकाच यंत्रावर गेले होते.

तुमचे अधिकृत उत्तर मात्र एका ओळीचे: 'क्लस्टरमध्ये पुरेशी क्षमता उपलब्ध होती,' म्हणजे तुमच्या यंत्रांच्या समूहात एकूण जागा होती. ते आम्हाला अजिबात मान्य नाही. क्षमता शेजारच्या रॅकमध्ये पडून राहिली, तर आमच्या प्रवाशांना तिचा काय उपयोग?

कोणता सर्व्हर कोणत्या यंत्रावर जाईल हे ठरवणारे शेड्युलर एकाऐवजी अनेक, म्हणजे विकेंद्रित असण्याला आमची हरकत नाही. हजारो यंत्रांचे वाटप एकाच्याच हाती दिले तर तोच तुंबतो. पण तुमच्या अभियंत्याच्या म्हणण्यानुसार प्रत्येक शेड्युलर शिळ्या माहितीवर सर्वांत मोकळे यंत्र निवडतो. मग सगळे एकाच यंत्रावर तुटून पडणारच. यावरचे उपाय जुने आहेत. गूगलने २०१३ मध्ये मांडलेल्या ओमेगा या शेड्युलर प्रणालीत प्रत्येक शेड्युलरकडे क्लस्टरच्या स्थितीची प्रत असते, पण जागा पक्की करताना ती मूळ नोंदीशी ताडली जाते. टक्कर झाली तर एकाला मागे फिरून पुन्हा निवड करावी लागते. त्याच्याही आधी, १९९६ च्या प्रबंधात संगणकशास्त्रज्ञ मायकेल मित्झेनमाखर यांनी दाखवले होते, की चिठ्ठ्या टाकल्यासारखी कोणतीही दोन यंत्रे निवडून त्यांतले कमी भाराचे घेतले तरी भार कितीतरी समतोल पसरतो.

आमचे सर्व्हर वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवण्याची लेखी हमी द्या, यंत्राने काम स्वीकारताना ताजी स्थिती तपासली जाते की नाही ते स्पष्ट सांगा आणि त्या आठवड्याचे शुल्क परत करा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास कराराचे नूतनीकरण होणार नाही.

कळावे,
व्यवस्थापक, बस आरक्षण सेवा,
म्हापसा, बार्देश, गोवा