आई-बाबा, इथं पाऊस नाही तरी पाणी आलंय

प्रिय आई आणि बाबा,

सा. न.

रात्रीचे साडेनऊ झालेत, तुमची नात आणि जावई दोघंही गाढ झोपलेत आणि मी इथं बोट्सवानात, जंगलातल्या लॉजवर, तंबूच्या जाळीच्या दाराशी ब्लँकेट गुंडाळून मोबाईलवर हे टाईप करतेय. नेट फक्त जेवायच्या हॉलमध्ये आहे म्हणून उद्या सकाळी तिथं गेल्यावर दादाला पाठवीन, त्याला सांगितलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय, त्यांनी मोबाईलवर वाचायचं नाही. आई, तूच वाचून दाखव. फोनवर सांगता आलं असतं पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं ठेव आता, बिल येईल" म्हणतात आणि मला आज नीट सांगायचंय.

सिंह बघितले, बिबट्या बघितला, ते नंतर. आधी पाण्याचं.

बाबा, आज दुपारी चार वाजता गाडीत बसलो तेव्हा आमचे गाईड म्हणाले की आज जनावरांच्या मागं नको जायला, दुसऱ्या गाडीनं रेडिओवर कळवलंय की पाणी आलंय, चला. मला आधी कळेचना कारण इथं जूनमध्ये कडक हिवाळा, पहाटे सात-आठ डिग्री, आभाळात ढगाचा तुकडा नाही आणि शेवटचा पाऊस झाला त्याला दोन-तीन महिने होऊन गेले. अर्ध्या तासानं एका कोरड्या ओढ्यापाशी थांबलो. पांढरी वाळू, हत्तीच्या लिदीचे वाळलेले गोळे, कडेला पिवळं पडलेलं गवत. गाईडनी आजूबाजूला नीट बघून घेतलं आणि मग आम्हाला खाली उतरू दिलं. आणि ओढ्याच्या वळणावरून, बाबा, एक काळी रेघ आमच्याकडं येत होती. अगदी हळू. पुढं मळकट फेस, काड्या, वाळकी पानं, आणि त्या फेसाच्या पुढं जीव घेऊन पळणारे किडे, कोळी, मुंग्या, गवताच्या काडीवर चढून बसलेले नाकतोडे, आणि त्यांना टिपायला दोन्ही बाजूंनी चालणारे मोठमोठे करकोचे. पाणी एखाद्या खळग्यात शिरलं की तिथंच थांबायचं, तो भरल्याशिवाय पुढं यायचंच नाही, भरला की एका बाजूनं जीभ काढायचं आणि पुढचा खळगा शोधायचं. वाळू पाणी पिते त्याचा बारीक चर्र आवाज येत होता. माझ्या पायापाशी हत्तीच्या पावलाचा ठसा होता, आपल्या मोठ्या परातीएवढा, त्यात पाणी उतरलं, गोल फिरलं, बुडबुडे आले, काठोकाठ भरलं आणि मग पुढं निघालं. वास कसला आला सांगू, मृगाच्या पहिल्या पावसाचा, तोच.

आणि मी रडायला लागले. नात म्हणाली आई काय झालं, तर मी म्हणलं तुझे आजोबा मला हे दाखवायचे.

आठवतंय का बाबा, मी तिसरी-चौथीत असेन, उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की तुम्ही मला एम-८० वर पुढं उभं करून कॅनॉलवर न्यायचे. नीरा उजव्या कालव्याचा तो आपल्या फाट्याचा कोरडा तळ, त्यात पोरं क्रिकेट खेळायची, आणि तुम्ही सगळ्यांना वर काढून म्हणायचे आता बघा, येतंय. असाच फेस पुढं, अशाच काड्या, सरडे पळायचे. तुम्ही भरावात एक काडी खोवून ठेवायचे आणि मला विचारायचे की काडी कधी बुडेल सांग. मी तो खेळच समजत होते. कालव्याच्या नोकरीत तुम्ही रात्र रात्र बॅटरी घेऊन गेटवर का उभे असायचे, आई जेवणाचा डबा झाकून जागी का असायची, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, वाड्यांची माणसं आपल्या दारात येऊन गप्प का बसायची, हे मला तेव्हा काही कळत नव्हतं. मी पाचवीत असताना टेलला त्यांच्या पाळीचं पाणी पोचवलं म्हणून कुणाकुणाला राग आला आणि तुमची लांब बदली झाली. मला फक्त शाळा सुटल्याचा राग होता, तोही तुमच्यावर. वर्षभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. त्याबद्दल कधी बोललेच नाही आपण. आज तिथं उभं राहून मला तुमचं अख्खं आयुष्य दिसलं बाबा, खोटं नाही सांगत.

आता हिशोब सांगते, तुम्हाला आवडेल म्हणून गाईडना विचारून विचारून घेतलाय. ही नदी म्हणजे ओकावांगो. उगम अंगोलाच्या डोंगराळ भागात, तिथं डिसेंबर ते मार्च पाऊस, मग नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोट्सवानात शिरते आणि कलाहारीच्या वाळूत पंख्यासारखी पसरते. समुद्राला मिळतच नाही! वर्षाला सरासरी साधारण १० अब्ज घनमीटर पाणी येतं, मी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, केलं तर ३५० च्या आसपास आलं, म्हणजे तीन उजनी धरणं. आणि ह्यातलं शंभरातले दोन-तीन भागच पुढं जात असतील, बाकी सगळं ऊन आणि झाडं पिऊन टाकतात. उतार इतका कमी की अडीचशे किलोमीटरला जेमतेम ६० मीटर, त्यामुळं जानेवारीत अंगोलात पडलेला पाऊस इथं खालच्या अंगाला जून-जुलैत पोचतो, म्हणजे नेमका इथल्या कोरड्या दिवसांत. जेव्हा चारी बाजूंनी सगळं वाळलेलं असतं तेव्हा इथं पाणी. म्हणून तर एवढी जनावरं. आवर्तन सोडणारं कुणी नाही आणि तरी दरवर्षी येतं, एखाद्या वर्षी कमी, पण येतं.

अजून एक, हे ऐकून तुम्ही उठूनच बसाल. एवढं पाणी नुसतं जिरतं आणि उडून जातं तर इथली सगळी जमीन आपल्याकडच्या उसाच्या रानासारखी खारवायला पाहिजे ना, पांढरी फटक? तर नाही. पाणी गोडं आहे. इथं हजारो छोटी बेटं आहेत, त्यातली पुष्कळशी वारुळांपासून झालेली, वाळवीचं वारूळ पुराच्या वर राहतं, त्याच्यावर पाखरं बसतात, बिया पडतात, झाडं उगवतात. मग ही झाडं मुळांनी सगळीकडचं पाणी बेटाखाली ओढतात आणि पाण्यातला क्षार तिथंच जमिनीत साठत राहतो. एका बेटाच्या मधोमध आम्ही उभे राहिलो, तिथं गवताची काडी नव्हती, पांढरा थर, बोटानं उचलून जिभेवर ठेवला तर तुरट खारट. आणि तिथून पन्नास पावलांवर निर्मळ पाणी, कमळं फुललेली. निचऱ्याचा चर नाही, खार घालवायला जिप्सम नाही, काही नाही, झाडांनीच खार एका कोपऱ्यात कोंडून ठेवलाय. तुम्ही आयुष्यभर मीटिंगांत सांगत होतात की पाणी देताय तर निचऱ्याचंही बघा, मला तेच आठवलं.

आई, तू म्हणशील ह्यांचंच चाललंय सगळं, खाल्लं काय ते सांग. तर इथं तीन वेळा भरपूर असतं, आपण शाकाहारी म्हणून आधीच सांगितलं होतं त्यामुळं पास्ता, भाज्या, सूप, रोजच्या रोज भाजलेला ब्रेड, सगळं चांगलं. पण खरी मजा परवा आली. किचनमध्ये एक बाई आहेत, तुझ्याच वयाच्या असतील, त्यांना नमस्कार करताना इथल्या रीतीनं "डुमेला मा" म्हणायचं, बाईमाणसाला मा आणि पुरुषाला रा, नुसत्या नावानं हाक नाही मारायची. मी त्यांना विचारलं तुम्ही स्वतः काय खाता, तर त्यांनी स्टाफसाठी केलेलं वाढून आणलं. ज्वारीच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, आणि ते आंबवूनही करतात, अगदी आंबिलीची चव गं! सोबत चवळीच्या पाल्याची भाजी, पाला वाळवून ठेवतात आणि वर्षभर करतात. मी हातानं खाल्लं तर त्यांना एवढा आनंद झाला, माझा हात धरून हसत होत्या. मी त्यांना तुझा फोटो दाखवला, तव्यावर भाकरी टाकतानाचा.

आणि हत्ती. काल दुपारी आमच्या तंबूसमोर एक हत्तीण आली, मधे फक्त लाकडी कठडा, आम्ही आत श्वास धरून. कुंपण इथं नसतंच, म्हणून अंधार पडल्यावर एकटं बाहेर पडायचं नाही, हॉलपर्यंत न्यायला आणायला माणूस येतो आणि तंबूत भोंगा ठेवलेला असतो अडीअडचणीला. तर ती हत्तीण सोंडेनं गवताचा झुपका उपटायची, पाण्यात दोनदा खळबळायची, मग पुढच्या पायावर आपटायची, माती झडली की तोंडात. तू मेथीची जुडी धुऊन आपटतेस ना, तश्शीच. वीसेक मिनिटं तिचं तेच चाललं होतं आणि मला सारखी तू दिसत होतीस मोरीपाशी बसलेली.

आता पैशांचं. बाबा, तुम्ही फोनवर विचारलं तेव्हा मी विषय बदलला, ते मला लागून राहिलंय. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला अशा लॉजला सीझनमध्ये माणशी एका रात्रीला हजार-दीड हजार डॉलर सहज पडतात. आम्ही जोहान्सबर्गला राहतो म्हणून आफ्रिकेच्या ह्या भागातल्या रहिवाशांचा कमी दर लागला, तरी खूप आहेत, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून दोन वर्षं बाजूला टाकून ठेवले होते, तीनच रात्री आलोय, कर्ज नाही काढलं. रात्री पडल्या पडल्या मनात येतंच की एवढ्यात आपल्या विहिरीचं काम झालं असतं. पण एवढे का घेतात ते इथं आल्यावर थोडं कळतं. इथल्या सरकारचं धोरणच आहे की माणसं थोडी येऊ देत पण पैसा जास्त मिळू दे. एका मोठ्या टापूत एकच कॅम्प, आमच्या इथं फक्त आठ तंबू. सगळं लाकूड आणि कापड, उद्या उठवायचं म्हणलं तर मागं खूण राहू नये असं, वीज सोलरवर, पीठमीठसुद्धा विमानानं नाहीतर वाळूतल्या ट्रकनं. आणि पाहुणे पंधरा-सोळा तर त्यांच्यासाठी राबणारी माणसं त्याहून जास्त, त्यांची घरं ह्यावर चालतात. आमचे गाईड बायेई समाजाचे, त्यांच्या आजी टोपल्या घेऊन ह्याच पाण्यात मासे धरायच्या, ते स्वतः लहानपणी मोकोरो चालवायचे. मोकोरो म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी, लांब काठीनं ढकलत न्यायची. आता झाडं वाचावीत म्हणून फायबरच्या करतात. लहान मुलांना त्यात घेत नाहीत म्हणून आम्ही दोघं पाळीपाळीनं बसलो, पाण्याला हात लागेल एवढ्या खाली बसायचं असतं, आवाज फक्त वेत बाजूला होतात त्याचा.

आणि बाबा, इथल्या पैशाचं नाव माहितीये काय आहे? पुला. पुला म्हणजे पाऊस! १९७६ साली स्वतःचं चलन काढलं तेव्हा ह्या देशानं पैशाला पावसाचं नाव दिलं. सभेत, लग्नात, कुणाला आशीर्वाद द्यायचा तरी पुला म्हणतात. मी तुमच्यासाठी दोन नाणी ठेवलीत.

जनावरांचं थोडक्यात, फोटो दादाला पाठवलेत: सिंहिणी तीन, बिबट्या एक झाडावर, जंगली कुत्री पिलांसकट, पाणघोडे रोज रात्री तंबूच्या मागं गुरगुरतात, जिराफ तर मोजायचंच सोडून दिलं. वाघ नाही हं आई, वाघ इथं नसतोच, तो आपल्याकडचा.

मला खरं म्हणायचंय ते हे की पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं इकडं या. ह्या वर्षी तुम्ही "तुम्ही जाऊन या, आम्हाला काय करायचंय जंगल" म्हणलात आणि मीही जास्त आग्रह केला नाही, ती माझी चूक झाली. एवढ्या महागाच्या लॉजलाच यायला पाहिजे असं नाही, माऊन गावात साधी गेस्टहाऊस आहेत आणि पाणी गावातल्या नदीलाही येतं, तिथले लोक काठावर येऊन बघतात म्हणे कधी पोचतंय. जोहान्सबर्गहून विमानानं पावणेदोन तास. आईच्या गुडघ्याचा विचार केलाय मी, गाडीत चढायला पायरी लावतात, चालायचं फारसं नाही, मोकोरोऐवजी खुर्चीवर बसायची मोटरबोट असते. मलेरियाच्या गोळ्यांचं तेवढं तुमच्या डॉक्टरांना आधी विचारायला लागेल, बीपीची गोळी चालू आहे म्हणून. आणि छोट्या विमानात बसायचं झालं तर सामान मऊ पिशवीत, माणशी वीस किलो, चाकाची बॅग चालत नाही, तर आई लोणच्याच्या बरण्या चारच. पासपोर्टचं दादाला सांगून ठेवलंय, फोटो काढायला तेवढं जा. नाही म्हणू नका.

आज निघताना मी पाण्याच्या अगदी टोकाला एक काडी खोवून आलेय. गाईडना विचारलं सकाळपर्यंत कुठं जाईल पाणी, तर त्यांनी ओढ्याच्या पुढच्या वळणाकडं बोट केलं, तिथं एक मोठं वारूळ आहे, नात म्हणतेय एवढं जाणार नाही, मी म्हणलं जाईल. विमान अकराला आहे, सहाला उठून आधी काडी बघून येणार आणि मग नेटमध्ये आले की तुम्हाला फोन करणार. बाबा, तुम्ही तोवर अंदाज करून ठेवा.

तुमची,
ताई