भाव विचारण्यात कसली लाज?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सात शाळासोबती दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर जेवायला भेटतो. काही महिन्यांपूर्वी कुणीतरी सुचवलेल्या एका नव्या ठिकाणी गेलो होतो. वेटर अदबीने आला. मेनूकार्डात नसलेले त्या दिवशीचे दोन खास पदार्थ कसे बनवतात, चवीला कसे लागतात, हे त्याने अगदी रंगवून सांगितलं. भाव मात्र सांगितला नाही, आणि आमच्यापैकी एकानेही तो विचारला नाही. ‘आणा की!’ असं मीच म्हणालो. बिल आलं तेव्हा त्या दोन पदार्थांची रक्कम एकूण बिलाच्या निम्म्याहून जास्त होती. रिवाजाप्रमाणे बिलाचे सात सारखे भाग झाले. आमच्यातल्या एकाने सगळ्यात साधा पदार्थ मागवला होता, खास पदार्थांना त्याने हातही लावला नव्हता. त्यानेही आपला सातवा हिस्सा मुकाट्याने काढून दिला. पुढच्या दोन भेटींना तो आला नाही. कारणं त्याने वेगळी सांगितली, पण खरं कारण मी ओळखून आहे. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, आणि उपाहारगृहाच्या टेबलाशी बसलो की नेमकी विसरतो. भाजी घेताना, कापड घेताना, रिक्षात बसण्याआधी आपण भाव बिनदिक्कत विचारतो. इथे मात्र तो विचारला तर शेजारच्या टेबलावरचे काय म्हणतील, सोबतच्यांना आपण कंजूष वाटू का, ज्याने बोलावलं त्याचा अपमान होईल का, असे विचार मनात येतात. अनपेक्षित बिलाचं मूळ महागाईत कमी आणि या संकोचात जास्त आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. महाग जेवण माहीत असून खाल्लं तर त्याचा पश्चात्ताप होत नाही. न सांगता महाग पडलं की ते जिव्हारी लागतं.

हा संकोच किती खोल आहे, हे मेनूकार्ड छापणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाककला संस्थेच्या उपाहारगृहात केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. काही कार्डांवर किमतीपुढे डॉलरचं चिन्ह होतं, काहींवर किंमत अक्षरांत लिहिली होती, काहींवर नुसता आकडा होता. नुसता आकडा असलेलं कार्ड ज्यांच्या हाती पडलं, त्यांनी इतरांपेक्षा लक्षणीय जास्त खर्च केला. चलनाचं चिन्ह किंवा नाव दिसलं नाही की आपण पैसे मोजतो आहोत ही जाणीव मंदावत असावी. कार्डाच्या वरच्या टोकाला एखादा अतिमहाग पदार्थ ठेवला की त्याखालचे सगळे भाव आपल्याला माफक वाटू लागतात, तेही असंच. आधी कानावर पडलेला आकडा पुढच्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच दाखवून दिलं आहे.

उपाहारगृहवाल्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. ताटात येतो त्या कच्च्या मालाचा खर्च साधारणपणे किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. बाकी पैसा भाडं, पगार, वीज-गॅस आणि वाया जाणारं अन्न यांत जातो. घरी हेच किती स्वस्तात झालं असतं, हा हिशेब तिथे बसून करणं अन्यायाचं आहे. त्यांनी हवा तो भाव लावावा. फक्त तो आम्ही ‘हो’ म्हणण्याआधी आम्हाला कळावा, एवढंच मागणं आहे.

आणि तो न कळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तोंडी सांगितलेला खास पदार्थ ही पहिली. दुसरी, ‘बाजारभावाप्रमाणे’ असा शेरा. तिसरी जागा सगळ्यात फसवी: वजनावर विकला जाणारा पदार्थ. कार्डावर शंभर ग्रॅमचा भाव असतो आणि आपण तो पूर्ण पदार्थाचा समजतो. आठशे ग्रॅमचा मासा आला की बिल आठपट. म्हणून शिजवायला टाकण्याआधीच वजन आणि एकूण रक्कम विचारून घ्यावी. न मागता टेबलावर ठेवलेली पाण्याची बाटली, खाण्याची छोटी वाटी, ‘थोडं आणखी देऊ?’ म्हणत वाढलेली दुसरी खेप, हे फुकट आहे की बिलात येणार, हेही तेव्हाच विचारावं. शेवटी कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं सेवाशुल्क आणि कर. सगळे आकडे वाचून झाल्यावर नजर तिथे जायला हवी, पण तोवर आपण गप्पांत रमलेलो असतो.

‘याचा भाव काय?’ हे तीन शब्द आहेत. वेटरने दचकण्यासारखं किंवा सोबतच्यांनी मान खाली घालण्यासारखं त्यात काही नाही. उत्तर ऐकून ‘मग नको’ म्हणण्यातही नाही. कार्ड वाचून आपल्या आवाक्याबाहेर आहे असं दिसलं, तर काही मागवायच्या आत उठून जावं. जाताना पाणी दिलेल्या माणसाला ‘आज जमणार नाही, माफ करा’ म्हणावं. मी हे गेल्या महिन्यात पहिल्यांदा केलं. उठताना कान तापले होते. वेटरने मात्र हसून मान डोलावली आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.

बिल आल्यावरचं थोडं सांगतो. ते पैसे देण्याआधी ओळ न् ओळ वाचावं. न आलेला पदार्थ, एकाऐवजी लागलेले दोन नग, कार्डापेक्षा वेगळा भाव, या चुका होतात, आणि पैसे देऊन झाल्यावर त्या दुरुस्त करून घेणं अवघड जातं. मागवतानाच कार्डाचा फोटो काढून ठेवला असेल तर वाद वाढत नाही. बोलायचं ते मॅनेजरशी, शांतपणे आणि नेमकं. वेटरवर आवाज चढवू नये, भाव तो ठरवत नाही. आणि भाव कार्डावर स्पष्ट होता, आपणच पाहिला नाही, असं असेल तर पूर्ण पैसे द्यावेत. तिथे तक्रारीला जागा नाही.

बिल सारखं वाटण्याच्या सवयीवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या मित्रावर जी वेळ आली ती त्यातून. अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या हैफा शहरात सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवून एक प्रयोग केला होता, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा सारखं वाटून घेणाऱ्यांनी सरासरी सुमारे 36 टक्के जास्त रकमेचं मागवलं. आपण मागवलेल्याचा मोठा भाग इतर भरणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. जो कमी मागवतो, तो इतरांचं भरतो. निवड दिली तर बहुतेकांना स्वतंत्र बिलच हवं होतं, तरी ते बोलून दाखवायला कुणी पुढे होत नाही. आपल्याकडची तरुण मुलं ‘टीटीएमएम’, म्हणजे ‘तुझं तू, माझं मी’, असं सहज म्हणून मोकळी होतात. आम्ही वयस्कर मंडळी त्याला कोरडेपणा म्हणत आलो. माझं मत आता बदललं आहे. ज्याचा हात सैल आहे त्यानेच बसताक्षणी ‘आज बिलं वेगवेगळी’ असं म्हणावं. तंगीत असलेल्याच्या तोंडून ते कधीच निघणार नाही. ज्याला सगळ्यांना आपल्या खर्चाने जेवू घालायचं आहे, त्यानेही ते मागवण्याआधीच सांगावं. पाहुण्याला मग कार्डाची उजवी बाजू चाचपत बसावं लागत नाही.

फ्रान्समध्ये 1987 च्या एका आदेशाने उपाहारगृहांना भावांसह मेनू दाराबाहेर लावणं बंधनकारक केलं, आणि ते भाव कर व सेवा धरून असावे लागतात. माणूस रस्त्यावर उभा राहून ठरवतो, आत जायचं की नाही. कायद्याची वाट न पाहता कुणीही मालक हे उद्यापासून करू शकतो. वेटरला एवढंच शिकवायचं, की खास पदार्थाचं नाव सांगितलं की त्याच वाक्यात भावही सांगायचा.

आपल्याकडेही एक मागणं आहे, संपादक महोदय. आपल्या पुरवणीत नव्या उपाहारगृहांची ओळख छापून येते. चव, सजावट, वातावरण यांच्याबरोबर तिथे तीन गोष्टी जरूर छापाव्यात: भाव बाहेर लावलेले आहेत का, तोंडी सांगितलेल्या पदार्थाचा भाव आपणहून सांगतात का, आणि कार्डावरच्या रकमेत बिलाच्या वेळी आणखी काय-काय चढतं.

आपला,
एक नियमित वाचक