मनू, ग्रुपवर नाही, तुलाच लिहून राहिलो

प्रिय मनू,

तू ग्रुप सोडला म्हणून इथं लिहितो. एका बोटानं टाइप करायला मला तास लागते, मधात आई दोनदा डोकावून गेली, काय चाललं म्हणे, मी म्हटलं लाइट बिल भरून राहिलो. अजनीला तुला वंदे भारतमध्ये बसवून दिलं तेव्हा तू डबा घेतला, "येते बाबा" म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं ते गाडी हलेपर्यंत. ते जाऊ दे. पोचल्याचं आईला कळवलं, मला नाही, तेही जाऊ दे.

भांडण पुन्हा उकरायचं नाही असं ठरवूनच बसलो. फक्त एवढंच, की प्रत्येक फोनमध्ये सरकारचं अ‍ॅप नको म्हणून तू फेसबुकवर लिहिलं, तसं सरकारबद्दल काही लिहायचं तर खाली आपलं पूर्ण नाव, फोटो, कंपनीचं नाव हे सगळं नको बाप्पा. बाकी लिही काय लिहायचं ते. झालं, विषय बंद.

इथं थंडी भारी पडली. विधिमंडळाचं अधिवेशन आलं की नागपूरचं काय होते तुला माहीतच आहे, मोर्चे, बंदोबस्त, सीताबर्डीवरून घरी यायला परवा पाऊण तास लागला. संत्री चांगली आली आहेत, कोणी येणारं असलं तर पाठवतो.

तुझं म्हणणं मला त्या दिवशी कळलंच नाही असं नाही. माझं एवढंच होतं की मागच्या वर्षी बर्डीवर माझा फोन मारला तेव्हा तूच खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, टाकून सरकारच्या त्या संचार साथीवरून तो ब्लॉक केला ना, मग चांगली वस्तू आहे, प्रत्येक फोनमध्ये राहिली तर काहून ओरडता. त्यावर तू पोह्याचा चमचा तर्रीत तसाच सोडून म्हणाली, "बाबा, मी स्वतः टाकणं वेगळं आणि दुकानातूनच टाकून येणं वेगळं. उद्या कोणी म्हणालं तुमच्या घराची एक चावी आमच्याकडे राहू द्या, चोर आला तर कामी येईल, द्याल?" मी म्हटलं देईन. खरं सांगू, हरायचं नव्हतं म्हणून म्हटलं. मी तर बंडूकाकालाही चावी देत नाही.

आणि पाह्य, २८ नोव्हेंबरचा तो आदेश, नव्वद दिवसांत सगळ्या नव्या फोनमध्ये अ‍ॅप टाका म्हणून, तो ३ डिसेंबरला मागेच घेतला. तू तेव्हा गाडीतच होती. टीव्हीवर पट्टी आली तसा मी आईला हाक मारून सांगितलं, पोरगी बरोबर होती. तुझ्या पोस्टमुळे झालं नाही हे मलाही समजते, पण टपरीवर मी थोडं तसंच सांगितलं.

पण बरोबर असणं आणि सुखरूप असणं एकच नाही ना मनू. पालघरच्या त्या दोन पोरी आठव, २०१२ च्या. एकीनं फेसबुकवर बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल लिहिलं, दुसरीनं नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. तू म्हणशील आयटी कायद्यातलं ते ६६ अ कलम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केलं. हाव, केलं. पण दोन वर्षांच्या वर गेल्यावर केलं. त्यांच्या बापानं त्या दिवशी काय केलं असेल, याचा मी तेव्हाही विचार केला होता आणि तू तर शाळेत होती तेव्हा. आणि स्क्रीनशॉट कुठंही जातो, एचआरवाले पाहतात, आजकाल स्थळवालेही आधी फेसबुक उघडतात.

स्थळाचं चुकून लिहिलं. सॉरी. खोडायचं कसं ते कळते मला, पण ठेवतो, नाहीतर म्हणशील बाबा लपवतात.

छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी. पोस्टकार्ड कोणी उघडून वाचत नाही, ते उघडंच असते. सॉर्टिंगला बसलं की नजर जायचीच, कोणाची सून माहेरी बसली, कोणाला नोकरी लागली, आणि तरी बाहेर एक शब्द काढायचा नाही हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आम्हाला. सरकारला टपाल अडवून उघडायचा अधिकार १८९८ च्या कायद्यात होताच. १९८६ मध्ये तो वाढवायचं बिल आलं, राष्ट्रपती झैलसिंगांनी सहीच केली नाही, मी तेव्हा नोकरीत नवीन, आमच्या युनियनमध्ये दोन दिवस तीच चर्चा. मग २०२३ ला नवा कायदा आला, त्यातही अडवायचा अधिकार आहेच. म्हणून मला तुझ्यासारखा धक्का बसत नाही, मी धरूनच चालतो की कोणीतरी पाहून राहिलं.

हे धरून चालणं मी आजीकडून शिकलो. आणीबाणीत मी चौदा वर्षांचा. आबांचा एक मित्र आत होता, त्याचं पत्र आलं तर पाकिटाची घडी उघडून पुन्हा चिकटवलेली, खळ बाहेर आलेली, वाळून पिवळी पडलेली. आबा काही बोलले नाही. रात्री आजीनं ट्रंकेतली सगळी पत्रं काढली आणि सकाळी बंबात घातली, आबांची, मित्रांची, तिच्या भावाची पण, त्यात तर काहीच नव्हतं, पेरणीचंच असायचं. मी त्या पाण्यानं आंघोळ करून शाळेत गेलो. तू रात्री दीड वाजता पोस्ट टाकते ना, तेव्हा मला तो बंबच दिसते. तू मला भित्रा म्हणाली, ठीक आहे, पण भीती कुठून आली ते माहीत असू दे.

पुन्हा तेच लिहून राहिलो नाही का मी.

एक गोष्ट राहिली, त्याच्यासाठीच खरं तर हे सगळं. तुझ्या पोस्टचा स्क्रीनशॉट बंडूकाकानं काढला नव्हता. मी काढला. वाचून मला इतकं भारी वाटलं, ती चावीची गोष्ट, आणि खासगीपणाच्या हक्काच्या २०१७ च्या निकालाचं तू जे लिहिलं, नऊ न्यायमूर्ती आणि त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे, की मी त्याला पाठवला, "पाह्य पोरगी कशी लिहिते". त्यानं तो ग्रुपवर टाकला आणि खाली ते घाण लिहिलं. तू त्याच्यावर तुटून पडली तेव्हा मी बाजूलाच सोफ्यावर होतो आणि गप्प बसलो. वरून तुलाच म्हटलं, नाव टाकून काहून लिहिते. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या पत्रातलं बाहेर काढलं नाही आणि तुझंच काढलं. पोस्ट सगळ्यांसाठी होती म्हणशील, पण तू मित्रांपुरती ठेवली होती, ते दोन माणसांचं चिन्ह मला नंतर दिसलं.

बंडूला मी काल सांगितलं. थोडा रागावला, मग अ‍ॅडमिन म्हणून मीच ते त्याचं लिहिलेलं उडवलं. माफी तुझी तूच माग म्हणे मला. तर ती ही.

आधारचंही ऐकलं तुझं. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअपवर पूर्ण कार्ड पाठवत नाही आता, ते शेवटचे चार आकडे दिसणारं काढून ठेवलं. त्याला म्हटलं पाठवलेलं जुनं डिलीट कर, तो माझ्याकडे पाहतच राहिला, त्याच्या फोनमध्ये अर्ध्या प्रतापनगरचे आधार असतील.

आणि तू लास्ट सीन बंद केलं, निळ्या टिकाही. हक्क आहे तुझा, मी काही म्हणत नाही. फक्त तुला सांगितलं नव्हतं, रात्री झोपताना मी तेच पाहत होतो, सव्वा बारा दिसलं की समजायचं रूमवर पोचली, लाइट बंद. लपून पाहणंच झालं म्हणा ते. रजिस्टर पत्राच्या मागं पोचपावती लावायची सवय, ते रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिळवून टाकलं. आता काही कळत नाही, तर दहा दिवस झाले, एक वाजेपर्यंत जागाच असतो.

चालू नको करू. फक्त रूमवर पोचली की एक टिंब पाठवत जा, शब्दही नको.

तुझा,
बाबा

ता.क. पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा नाव टाक, पण आधी मला वाचायला पाठव. नाही, राहू दे, नको पाठवू.