पीटीचा तास गणिताला देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुसरे सत्र सुरू झाले की दहावीच्या वेळापत्रकातला पीटीचा तास गणिताकडे किंवा विज्ञानाकडे जातो. माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षे गणित शिकवले आणि हा तास मागून घेणाऱ्यांत मीही होते. पोर्शन राहिलेला असे हे खरे, पण त्याची किंमत मुले मोजत होती, हे मला फार उशिरा उमगले.

आठवीतला एक मुलगा फळ्यापाशी बोलावले की मान खाली घालून उभा राही. वहीत उत्तर बरोबर असे, पण तोंडून शब्द फुटत नसे. त्या वर्षी शाळेत मल्लखांब सुरू झाला. कितीतरी दिवस तो खांबावर चढायचा, घसरून खाली यायचा आणि एरंडेलाने ओशट झालेले तळहात चड्डीला पुसून पुन्हा रांगेत उभा राहायचा. शेवटी त्याला साधी अढी, म्हणजे खांबावरची पायांची पकड, जमली. दिवाळीनंतर फळ्यावर त्याचे गणित अर्ध्यात चुकले, तेव्हा तो जागेवर परतला नाही. डस्टर घेऊन त्याने चुकलेली पायरी पुसली आणि पुन्हा मांडली. चारचौघांत चुकण्याची त्याची भीती माझ्या शिकवण्याने गेलेली नव्हती.

नुसत्या व्यायामाने गुण वाढतात असे मी म्हणणार नाही. मात्र व्यायामाने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, झोप चांगली लागते आणि सलग बसून विस्कटलेले लक्ष ठिकाणावर येते. पीटीनंतरच्या तासाला पहिली पाच मिनिटे गलका असे, पण पुढे वर्ग जितका रमे तितका एरवी क्वचितच रमे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल सुचवते. आपण आठवड्यातले दोन-तीन तासही काढून घेतो. वयात आलेल्या मुली तर बहुधा तास असूनही पायऱ्यांवर बसून राहतात, याचे मला अधिक वाईट वाटते.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले आहे. जिथे ते खरोखर नाही, तिथे गच्चीवर सूर्यनमस्कार आणि दोरीउड्या होऊ शकतात. मुख्याध्यापकांनी परीक्षा जवळ आली तरी हा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये आणि पालकसभेत पोर्शनची चौकशी करणाऱ्या पालकांनी या आठवड्यात पीटी झाली का, हेही विचारावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा