उत्तर सांगू नका, ओळ दाखवायला सांगा

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आल्या की वर्तमानपत्रांतून मराठीच्या उताऱ्यांची आणि कवितांची नमुना उत्तरे छापून येतात. मुले ती घोकतात, आणि न पाहिलेला उतारा समोर आला की पेन जागच्या जागी थांबते. घोकलेले उत्तर त्या एकाच उताऱ्याच्या कामाचे असते. उत्तर शोधायचे कसे, हे मुलाला कोणी दाखवलेलेच नसते.

मूल अडले की उत्तर सांगण्याआधी 'उताऱ्यात कुठे आहे, बोट ठेव' असे म्हणावे. काही उत्तरे एकाच ओळीत असतात. काही दोन-तीन परिच्छेदांत विखुरलेली असतात, ती गोळा करावी लागतात. काही कुठेच लिहिलेली नसतात, पण लिहिलेल्यावरून काढता येतात. आणि स्वमताचे उत्तर अर्धे उताऱ्यातून, अर्धे स्वतःजवळून येते. प्रश्न यांतला कोणता, हे आधी ठरले पाहिजे.

उतारा पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता सलग वाचावा. मग प्रश्न, आणि मग पेन्सिल घेऊन पुन्हा उतारा. सुरुवातच प्रश्नांपासून केली की मुले वाचत नाहीत, शब्द हुडकतात. प्रश्नातला शब्द दिसला की ते वाक्य जसेच्या तसे उतरवतात. म्हणूनच 'लेखक का घाबरले?' याचे उत्तर वहीत 'मी फार घाबरलो' असे येते. 'मी'चा 'लेखक' झालेला नसतो आणि 'का'चे उत्तर तर आलेलेच नसते. 'का' विचारले असेल तर उत्तरात 'कारण', 'म्हणून' किंवा 'मुळे' आहे का, एवढे तपासायची सवय लावली तरी बरेच सुधारते. सर्वनामांचेही तसेच: 'त्याने ते तिला दिले' यात कोणी, काय, कोणाला, ही नावे घालून वाक्य मोठ्याने म्हणायला लावावे.

खरी अडचण न लिहिलेल्या उत्तराची. समजा, उताऱ्यात असे आहे: 'त्याने पत्र वाचले, घडी घातली, पुन्हा उघडले. मग ते न फाडता उशीखाली ठेवले.' प्रश्न त्याच्या मनःस्थितीचा. मुले 'तो दुःखी होता' एवढेच लिहितात, कारण पत्र म्हटले की दुःख, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. इथे एकेक शब्द झाकून वाचायला सांगावे. 'न फाडता' झाकले तर वाक्य साधे होते, पत्र ठेवले, संपले. ते दोन शब्द परत आले की कळते, फाडण्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. 'पुन्हा उघडले' यावरून दिसते की त्याला ते सोडवतही नव्हते. आता उत्तर होते: त्याच्या मनाची ओढाताण चालली होती, आणि त्याला आधार म्हणून हे दोन पुरावे.

कवितेत हीच युक्ती आणखी उपयोगी पडते. 'थकल्या पाहुण्यासारखा पाऊस ओसरीवर टेकला' अशी ओळ असली की मुले 'उपमा अलंकार' लिहून मोकळी होतात. नाव बरोबर आहे, पण रसग्रहण अजून सुरूच झालेले नाही. 'थकल्या' झाकून पाहा. पाऊस नुसता आला, एवढेच उरते. त्या शब्दाने त्याचा जोर ओसरला, आणि 'टेकला'ने तो जरा विसावला. इतके सुचले की 'कवीने सुंदर वर्णन केले आहे' हे कुठल्याही कवितेला चिकटणारे वाक्य लिहावे लागत नाही.

स्वमतासाठी एक मत, एक कारण आणि उताऱ्यातला एक आधार पुरतो. गाइडमध्ये दिलेले मत मुलाच्या तोंडी घालू नये. त्याचे मत कच्चे असले तरी चालेल, आधार मात्र मागावाच.

आपल्याला एक विनंती आहे. नमुना उत्तरे जरूर छापा, पण प्रत्येक उत्तराखाली ते उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांवरून काढले, हे एका ओळीत द्या. जागा कमी पडली तर दहाऐवजी पाचच उत्तरे छापा.

आपला,
मराठीचा एक शिक्षक