डग सर, माछेर्मोच्या त्या घरासाठी

आदरणीय डग स्कॉट सर,

तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि आता हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचंही नाही. तरी उघडं लिहितोय, कारण ते आपल्याकडच्या डोंगरवाल्यांनी वाचावं असं फार वाटतं.

तुम्ही, एव्हरेस्टवर चढलेले ब्रिटिश गिर्यारोहक, ७ डिसेंबर २०२० ला गेलात. बातमी आली आणि आमच्या गिर्यारोहकांच्या ग्रुपवर तुमच्या फोटोंची रीघ लागली. लांब केस, दाढी, गोल चष्मा. सगळ्यांत जास्त फिरला तो अर्थातच २४ सप्टेंबर १९७५ च्या संध्याकाळचा, एव्हरेस्टच्या माथ्यावर चिनी पथकाने रोवून ठेवलेल्या तिवईपाशी तुम्ही उभे आहात तो. कोविडमुळे एकत्र जमायची सोय नव्हती, म्हणून पुण्या-मुंबईच्या आम्ही काही जणांनी झूमवर शोकसभा घेतली. शोकसभा म्हणायची, पण तासाभरात तिचा गप्पांचा अड्डा झाला. तुम्हाला ते चाललं असतं, असं वाटतं.

कोण काय बोललं, हे सांगायलाच हवं. एकाने एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीची चढाई लावून धरली. ख्रिस बॉनिंग्टन यांचं नेतृत्व, तोवर कुणालाच न जमलेला मार्ग, आणि माथ्यावर पोचायला संध्याकाळचे सहा. उतरताना अंधार पडला म्हणून तुम्ही आणि डूगल हॅस्टन दक्षिण शिखराजवळ, सुमारे ८,७५० मीटरवर, बर्फात खळगा खणून बसलात. स्लीपिंग बॅग नाही, ऑक्सिजन संपलेला, आणि तुमच्या अंगात तर पिसांचा उबदार डाऊन सूटही नव्हता. सकाळी दोघेही हातापायाची सगळी बोटं शाबूत ठेवून खाली आलात. दुसऱ्याने चांगाबांग काढलं. १९७४ मध्ये ते शिखर पहिल्यांदा सर झालं ते तुम्ही ब्रिटिश आणि आपले बलवंत संधू, ताशी चेवांग यांनी मिळून. मग शिवलिंग शिखराचा पूर्व स्तंभ, कांचनजुंगाची उत्तर बाजू, तीही ऑक्सिजनशिवाय. आमच्यातले एक काका, ज्यांनी तैलबैलाच्या भिंतीवर घरी ठोकून बनवलेल्या खिळ्यांच्या भरवशावर दिवस काढलेत, ते फक्त 'ओगर' एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. त्यावर कुणी काही विचारलं नाही. पाकिस्तानातल्या काराकोरममधल्या त्या शिखराची १९७७ ची कथा आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

मीही त्या दिवशी फारसं बोललो नाही. मला जे सांगायचं होतं ते तुमच्या कुठल्याच शिखराबद्दल नव्हतं. ते माछेर्मोबद्दल होतं.

नेपाळात, एव्हरेस्टच्या भागातल्या गोक्योच्या वाटेवर साधारण ४,४७० मीटरवर माछेर्मो आहे. दगडी कुंपणांची चार कुरणं, काही लॉज आणि एका अंगाला पोर्टर मंडळींसाठी बांधलेला निवारा, त्यातच रेस्क्यू पोस्ट. आमच्या ट्रेकमध्ये आमचा एक पोर्टर तिथे पोचला तो खोकत. सोलुखुंबू जिल्ह्याच्या खालच्या अंगाच्या गावातला, राई जमातीचा, विशीतला पोरगा. आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं की नेपाळचा म्हणजे शेर्पा, आणि शेर्पा म्हणजे त्याला विरळ हवा लागत नाही. हा मुलगा मक्याच्या शेतातून आला होता. त्याला उंची आमच्याइतकीच लागत होती, फक्त त्याच्या कपाळावरच्या नाम्लोला, म्हणजे ओझं वाहायच्या पट्ट्याला, आमच्या दोन बॅगा लटकत होत्या. 'दाजू, ठीक छु', म्हणजे 'दादा, मी ठीक आहे', एवढंच तो म्हणत होता. आजारी पडलं की रोज बुडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रेस्क्यू पोस्टमधल्या डॉक्टर बाईंनी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा साठच्या घरात आला. नखं निळसर. पाठीला स्टेथोस्कोप लावून त्यांनी मलाही ऐकायला दिलं, आत बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. फुप्फुसात पाणी. औषधं सुरू केली, ऑक्सिजन लावला आणि मग एक लांबलचक, जाड कापडाची पिशवी जमिनीवर पसरली. तिच्यात त्याला झोपवून चेन लावली आणि पायाच्या पंपाने हवा भरायला घेतली. आतला दाब वाढला की माणूस दीड-दोन हजार मीटर खाली उतरवल्यासारखा होतो, अशी ती युक्ती. पंप थांबवायचा नसतो, नाहीतर आतली हवा शिळी होते. आम्ही पाळीपाळीने पाय मारत होतो. पिशवीला डोक्यापाशी प्लॅस्टिकची छोटी खिडकी असते, त्यातून त्याचा चेहरा दिसायचा. सुरुवातीला डोळे घट्ट मिटलेले. बऱ्याच वेळाने त्याने ते उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. चार दाढीवाले मराठी बाप्ये घामाघूम होऊन पंप मारताहेत, हसू येणारच. आमचा जीव भांड्यात पडला.

सकाळी त्याला खाली खुंदेच्या हॉस्पिटलकडे नेलं आणि तो बरा झाला.

रात्री त्याच निवाऱ्यात स्टोव्हच्या उबेला बसलो असताना डॉक्टर बाईंनी सांगितलं की ही वास्तू तुमच्या कम्युनिटी ॲक्शन नेपाळ या संस्थेने उभी केली. त्याआधी पोर्टर कुठे झोपायचे? लॉजमध्ये पाहुणे झोपले की जेवणघराच्या बाकांवर, तीही भरली तर एखाद्या कपारीत किंवा भिंतीच्या आडोशाला, अंगावरच्या कपड्यांनिशी. १९९७ मध्ये एक पोर्टर असाच उंचीच्या आजाराने मेला, आणि त्यातून डॉ. जिम डफ यांनी पोर्टरांच्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय संघटना काढली. हे जिम डफ १९७५ च्या एव्हरेस्ट मोहिमेत तुमचेच डॉक्टर! तुम्ही बांधायचं, त्यांच्या लोकांनी डॉक्टर पुरवायचे, असा तो मेळ. डॉक्टर स्वखुशीने यायचे, सीझनभर राहायचे, दुपारी ट्रेकर लोकांना उंचीच्या आजारावर चार गोष्टी सांगायचे. आमच्यासारख्यांकडून फी घ्यायचे आणि त्यातून पोर्टरांच्या उपचाराला हातभार लागायचा. हिशेब मला बेहद्द आवडला.

ओगरची गोष्ट मला तेव्हापासून वेगळी वाचावीशी वाटते. माथ्यावरून दोराने उतरण्याचं पहिलंच रॅपलिंग, ओल्या बर्फावर पाय सटकला, दोराच्या टोकाला झोका घेऊन तुम्ही समोरच्या कातळावर आदळलात आणि दोन्ही पाय घोट्याच्या वर मोडले. मग वादळात, आठवडाभर, गुडघ्यांवर रांगत उतरणं. बॉनिंग्टन यांच्या बरगड्या मोडलेल्या, मो अँथॉइन आणि क्लाइव्ह रोलंड सोबतीला. आम्ही सगळे ही गोष्ट इथेच संपवतो, टाळ्या वाजवतो. पण रांगून रांगून माणूस बेस कॅम्पपर्यंतच पोचतो. पुढे मोरेनच्या दगडगोट्यांतून, हिमनदीवरून तुम्हाला हाताने केलेल्या स्ट्रेचरवर घालून खाली आणलं ते बाल्टी पोर्टरांनी. ज्याने आपला अख्खा देह पोर्टरांच्या खांद्यावर टाकून प्रवास केलाय, त्याला त्यांच्या झोपायच्या जागेची काळजी वाटणं मला तरी स्वाभाविक वाटतं. अर्थात हा माझा आपला तर्क.

पुढची मेहनत मात्र तर्क नाही. भाषणांचे दौरे, सही केलेल्या फोटोंचे लिलाव, आणि ते पैसे नेपाळच्या डोंगरी गावांतली आरोग्य केंद्रं आणि शाळा यांना. २०१५ च्या भूकंपात त्यातलं कितीतरी जमीनदोस्त झालं, तेव्हा तुम्ही चौऱ्याहत्तरीत होता. पुन्हा भाषणं, पुन्हा बांधकाम. आणि २०२० मध्ये, मेंदूत कर्करोग आहे हे कळल्यावर, लॉकडाऊनमध्ये घरातल्या जिन्याच्या पायऱ्या चढलात, एव्हरेस्टचा सूट अंगात घालून, संस्थेला निधी मिळावा म्हणून. तो व्हिडिओ आमच्या शोकसभेत कुणी लावला नाही. लावायला हवा होता. एव्हरेस्टच्या फोटोआधी मी तो दाखवला असता.

तुमच्यामुळे आमच्या ग्रुपात एक रीत पडली आहे. काठमांडूच्या एजन्सीशी बोलताना पोर्टरचा विमा आहे का, बूट-जॅकेट कोण देणार, वजन किती, रात्री तो कुठे झोपणार, हे आधी ठरतं, पैशाचं नंतर. पूर्वी उलटं असायचं. दोनशे रुपयांवरून घासाघीस करण्यात आपण मराठी माणसं कुणाला हार जात नाही आणि त्यात एक प्रकारचा अभिमानही असतो. अजूनही एखादा नवा मेंबर 'एका पोर्टरकडे तीन बॅगा बसतील की' म्हणतो. मग त्याला माछेर्मोच्या पिशवीची गोष्ट ऐकावी लागते.

सर, तो मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे. मागच्या दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, त्याने कपाळावर भलामोठा टिका लावलेला फोटो पाठवला. २०२० मध्ये कोविडमुळे ट्रेकच नव्हते, तर त्याला कामही नव्हतं. गावी मका करत होता. आमचा रद्द झालेला ट्रेक होता त्याचे विमानाचे पैसे परत मिळालेत. निम्मे त्याला आणि त्याच्या गावच्या पोर्टरांना, निम्मे तुमच्या संस्थेला, असं झूमवरच ठरलं. काकांनी सगळ्यांच्या आधी भरले.

मनापासून आभार.

आपला,
डोंबिवलीचा एक गिर्यारोहक